किंग ऑफ ड्रॅगन पास: धाडी जिंकूनही गोधन आटत चाललंय, हीरोक्वेस्टही फसली

धुऱ्यावरचा (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयातल्या लॅपटॉपवर आम्ही सहा-सात जण मिळून 'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा कुळ चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळतो. एकजण इंग्रजी वाचतो, मराठीत सांगतो, मग सगळ्यांची चर्चा. जुनं सेव्ह उघडून निर्णय बदलायचा नाही असं ठरलं आहे.

आमचं कुळ बॅलन्स्ड, म्हणजे ना युद्धखोर ना शांततावालं. सुरुवातीच्या प्रश्नावलीत पूर्वापारचे वैरी म्हणून ट्रोल निवडले आणि गुलाम ठेवायचे नाहीत असं सांगितलं. शॉर्ट गेम चालू आहे, म्हणजे जमात उभी करून टिकवायची.

अडचणी अशा. बहुतेक धाडी आम्ही जिंकतो, तरी दरवर्षी गायी कमीच होतात. धाड घातली की शेतकरी नाराज, नाही घातली की वेपनथेन, म्हणजे पोसलेले लढवय्ये, नाराज. सल्लागार सात आणि सल्ले सात. नेमकं कोणाचं ऐकायचं? चौथी गोष्ट हीरोक्वेस्टची, म्हणजे माणसाला देवाच्या कथेत पाठवण्याची. 'ऑर्लांथ आणि अरोका'ची कथा नीट वाचून सगळ्यात तगडा लढवय्या पाठवला, तो जखमी होऊन रिकाम्या हातानं परत आला. दुष्काळ तसाच.

नेटवरच्या टिपा एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी पहिल्या वर्षापासून देवळं बांधा म्हणतं, कोणी आधी सैन्य वाढवा म्हणतं. ज्यांनी खेळ नीट समजून घेतला आहे त्यांनी सांगावं.

---

मास्तर_घाटंजी

आधी टिपांबद्दल. हा खेळ 1999 साली ए शार्प कंपनीनं काढला, 2011 मध्ये आयफोन-आयपॅडसाठी नव्यानं बांधला आणि स्टीम या ऑनलाइन दुकानावर 2015 मध्ये आला ती नव्या बांधणीची आवृत्ती. नेटवरचं बरंच लिखाण 1999 च्या आवृत्तीवर आहे. कथा आणि जग तेच, पण पटलं (स्क्रीन) आणि बरेच तपशील बदललेत. त्यामुळे अमुक आकडा तमुक ठिकाणी ठेवा अशा टिपा सोडून द्या, तत्त्व तेवढं घ्या.

तुमच्या वर्णनात ऋतूचा उल्लेख कुठंच नाही, आणि मला वाटतं घोळ तिथंच आहे. वर्षाचे पाच ऋतू: सी, फायर, अर्थ, डार्क, स्टॉर्म. शेवटी दोन आठवड्यांचा सेक्रेड टाइम. प्रत्येक ऋतूत दोन कामं करता येतात, म्हणजे वर्षाला दहा. ही दहा कामंच तुमची खरी पुंजी, गायी त्याच्यानंतर. दूत पाठवणं एक काम, बळी देणं एक काम, धाड एक काम, शोधमोहीम एक काम. रिंगमधली, म्हणजे सल्लागार मंडळातली, माणसं बदलणं, कुरण आणि पिकाचं प्रमाण ठरवणं यात मात्र काम खर्च होत नाही, म्हणून ते दर ऋतूला तपासून घ्यावं.

सी म्हणजे पेरणी. आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की घरातलं माणूस पाहुणपणालाही जात नाही. सी ऋतूत धाड घालून शेतकऱ्यांना ओढून नेलं की पीक तिथंच मार खातं. अर्थ म्हणजे कापणी, तेव्हाही तेच. मोठ्या धाडीत वेपनथेन कमी आणि साधे शेतकरी-पायदळ जास्त असतात, म्हणून तुमचे शेतकरी चिडतात. लढायचंच तर फायर ऋतूत. शेतात हात अडकलेले नसतात. शेजारीही त्याच सुमारास निघतात, म्हणून फायरमध्ये सगळे वेपनथेन बाहेर पाठवायचे नाहीत आणि गस्त ढिली करायची नाही.

मी वर्ष साधारण असं लावायला सांगेन:

सी: शेतीसाठी आणि गुरांसाठी देवाला बळी, एक दूत.
फायर: एक धाड किंवा शोधमोहीम, एक व्यापारी तांडा.
अर्थ: बांधकाम, दूत.
डार्क: शक्यतो घरातच. धान्य कमी पडतंय असं दिसलं तर ज्यांच्यावर तुम्ही आधी उपकार केलेत त्यांच्याकडं दूत पाठवून मदत मागा.
स्टॉर्म: राहिलेली कामं, पुढच्या वर्षी क्वेस्ट करायची असेल तर तिची तयारी.

सेक्रेड टाइममध्ये कुळाची जादू वाटायची असते: शेती, गुरं, युद्ध, व्यापार, क्वेस्ट वगैरे. नवखे लोक सगळी वाटून मोकळे होतात. तसं करू नका. उरलेली जादू वर्षभर राखीव राहते; लढाईत ती ओतता येते आणि काही प्रसंगांत एखादा पर्याय जादू असेल तरच निभावतो. राखीव शून्य असताना ट्रोल आले तर काय होतं ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

---

आखरावरचा

मास्तर बरोबर सांगून राह्यले, पण गायी कुठं गळतात ते राह्यलंच.

भाऊ, या खेळात गाय म्हंजे पैसा. बळी गायीचा, भेट गायीची, खुनाची भरपाई (वेरगिल्ड) गायीत, देवळाचा सालाना खर्च गायीत, अन् धान्य संपलं की कापून खाले गायच. म्हणून आधी एक वही करा. दर सेक्रेड टाइमले पाच आकडे लिहा: गायी, घोडे, माणसं, धान्य, जादू. मधात काही मोठं झालं तर बाजूले दोन शब्द. चार वर्षांचं लिहिलं की गळती आपोआप दिसते. खेळात सागा नावाचं पटल हाय, तुमच्या कुळाचा इतिहास तो स्वतःच लिहीत जाते. पण त्याच्यात हिशेब नसते.

बहुतेक लोकाइची गळती दोन जागी असते.

एक, तोच वर दरसाल मागणं. बळी देऊन घेतलेला आशीर्वाद सेक्रेड टाइमपर्यंतच टिकते. दरसाल शेतीचा वर मागाल तर दरसाल गायी जातील अन् दहापैकी एक काम पण जाईल. जे दरसाल पाहिजेच त्याचं श्राइन (लहान देऊळ) बांधा. श्राइनवर एक आशीर्वाद कायमचा चालू राहते, टेंपलवर दोन, ग्रेट टेंपलवर त्याच्याहून जास्त. खर्च दरसाल लागते, पण काम वाचते. लढाईचा वर कधीमधीच लागते, तो बळी देऊन घ्या, त्याच्यासाठी देऊळ बांधू नका. तुमच्यासारख्या कुळाले पहिलं एर्नाल्डाचं, मग उराल्डाचं. एर्नाल्डा धरतीमाय, उराल्डा गायीची देवी. हुमाक्टचं देऊळ दिसाले झकास दिसते, पण तो मृत्यूचा अन् तलवारीचा देव हाय, त्याच्यानं दूध वाढत नाई.

दुसरी गळती म्हंजे मोठी धाड. तुम्ही जिंकता, दहा-वीस गायी आणता, अन् मग? जखमी लढवय्ये, मेलेल्याइचे घरवाले, सामनेवाल्याचा सूड, त्याच्यातून फ्यूड, म्हंजे चालत राहणारं वैर. फ्यूड मिटवाले दूत अन् गायी. धरून मोजा, जिंकलेली धाड पण तोट्यातच गेली असते.

म्हणून साधी धाड सोडा, कॅटल रेड करा. वॉरच्या पटलावरच हाय. थोडे लोक न्यायचे, गुपचूप गायी हाकलून आणायच्या. ऑर्लांथी लोकात (खेळातले आपले लोक, ऑर्लांथ देवाचे) गायचोरी मर्दुमकीचीच समजतात, तिचा राग खुनाएवढा धरत नाहीत. पकडल्या गेलं तर मार बसते, पण कुळ बुडत नाई. वेपनथेनाइले पण काम भेटते, त्याइची कुरकूर बंद. दूरचं, कमजोर अन् आधीच वाकडं असलेलं कुळ पाहा. एकाच कुळावर सालोसाल जाऊ नका.

---

झाडी_ताई (साकोली)

आखरावरचे दादा, गायचोरीचं पटलं, पण दूरचं कुळ पाहा एवढ्यानं भागत नाही जी. त्यांना शॉर्ट गेममध्ये जमात उभी करायची आहे. जमात शेजारच्या कुळांची होते. आज ज्यांच्या गायी हाकलल्या तेच उद्या समोर बसणार. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांतच नकाशावर शेजारची चार-पाच कुळं निवडून ठेवा, त्यांच्याकडं दर वर्षी एक तरी दूत जाऊ द्या, भेट लहान असली तरी चालेल. कोणी मदत मागितली आणि परवडत असेल तर द्या. उपकार उधारीवर राहतो आणि नंतर दूत पाठवून तो मागता येतो. धाडी या निवडलेल्यांच्या बाहेर. आणि दूत म्हणून कोणालाही पाठवू नका. बार्गेनिंग (घासाघीस) आणि कस्टम (रूढी-कायदा) चांगलं असलेला माणूस पाठवा. नुसता नामवंत लढवय्या गेला तर भेट वाया जाते.

आता सल्लागारांचं. तुम्ही सातही जणांचं सारखंच ऐकता असं दिसतं.

रिंगमध्ये सात जण. प्रत्येकाची सात कौशल्यं: अॅनिमल्स, बार्गेनिंग, कॉम्बॅट, कस्टम, लीडरशिप, मॅजिक, प्लँट्स. पातळ्या फेअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट, रिनाउन्ड, हिरोइक. सल्ला वाचण्याआधी तीन गोष्टी पाहा: प्रसंग कोणत्या कौशल्याचा, या माणसाची त्यातली पातळी किती, आणि हा कोणत्या देवाचा. सीमेवरचा वाद कस्टमचा असतो. तिथं कस्टम फेअर असलेला हुमाक्टचा भक्त लढा म्हणाला तर त्याचं म्हणणं म्हणजे त्याचा देव बोलतोय. लॅन्कोर मायचा भक्त जाणकार, तो कायदा आणि जुने दाखले सांगतो. इसारीसचा भक्त सौदाच सुचवणार. युर्मालचा? तो खोडकर देव आहे, त्याचा भक्त वाट्टेल ते बोलतो. हसून पुढं जा, मात्र त्याला रिंगमधून हाकलण्याची घाई नको. काही ठिकाणी त्याच्यामुळेच वेगळी वाट निघते.

कोणाच्याच सल्ल्यात ठोस माहिती नसेल, सगळे गोलगोल बोलत असतील, तर त्या विषयाचं कौशल्य रिंगमध्ये नाही असं समजा. मग बाहेरच्या माणसांची यादी उघडा आणि शोधा. रिंग भरताना फक्त पातळी बघून एकाच देवाचे तिघे-चौघे बसवू नका. वेगवेगळे देव ठेवले की दृष्टीही वेगवेगळी मिळते. ऑर्लांथ आणि एर्नाल्डा या दोघांचे भक्त मी कधीच काढणार नाही. प्रमुखाला लीडरशिप चांगली हवी, आणि एक तरी तरुण माणूस हवा, कारण माणसं म्हातारी होतात, मरतात. सगळी रिंग साठीची ठेवली तर एका हिवाळ्यात तीन खुर्च्या रिकाम्या होतील.

अजून एक. रिंगमधला माणूस मोहिमेवर किंवा दूत म्हणून गेला की तो परत येईपर्यंत सल्ला देत नाही. मोठ्या निर्णयाच्या ऋतूत कस्टमवाला बाहेर असू नये.

तुमच्या पूर्वजांबद्दल: प्रश्नावलीत दिलेली उत्तरं कागदावर उतरवून लॅपटॉपला चिकटवा. ट्रोल वैरी निवडले आहेत म्हणून ट्रोलांशी गोडीनं सौदा केला की पूर्वज रुसतात. गुलाम ठेवणार नाही म्हटलंय, मग युद्धकैदी गुलाम करून ठेवू नका. खंडणी घेऊन परत करा, गायीही येतात. वॉर क्लॅननं लढाया टाळल्या किंवा पीस क्लॅननं सतत धाडी घातल्या की तेच. तुम्ही बॅलन्स्ड आहात, दोन्हीकडून थोडी मोकळीक आहे. पूर्वज नाराज झाले की जादू आटते, आणि मग क्वेस्ट फसते, म्हणजे तुमची चौथी अडचण इथूनही सुरू झालेली असू शकते.

---

आखरावरचा

ताईचं बरोबर. शेजारी सोडा, दूरचे धरा.

गुलामाच्या बाबतीत मी जरा वेगळा हाय. ज्याइचे पूर्वज गुलाम ठेवणारे होते त्याइले सुरुवातीले शेतीत हात भेटतात, खेळ सोपा जाते. पण पुढं त्याच्यावरूनच कटकटीचे प्रसंग येत राह्यतात. नाई म्हटलं तेच चांगलं केलं.

---

धुऱ्यावरचा

वही कालपासून सुरू केली. गायीचं गणित लगेच दिसलं: तोच शेतीचा वर आम्ही दर सी ऋतूत बळी देऊन मागत होतो. एर्नाल्डाचं श्राइन आता बांधतोय. रिंगमध्ये कस्टमचा माणूस एकही व्हेरी गुड नव्हता, तोही सापडला.

हीरोक्वेस्ट कोणी सांगेल का? आणि एवढे सगळे मिळून खेळताना वाद फार होतात, त्याचीही काही पद्धत असेल तर.

---

मास्तर_घाटंजी

हीरोक्वेस्ट म्हणजे कुळातला एक माणूस देवाच्या कथेत शिरतो आणि देवानं जे केलं तेच करून दाखवतो. जमलं तर कथेचं फळ कुळाला मिळतं. एवढं धरून चाललं की बाकीचं समजतं.

'ऑर्लांथ आणि अरोका'त निळा ड्रॅगन अरोका पावसाचा देव हेलर याला गिळून बसलेला असतो आणि ऑर्लांथ त्याला सोडवतो. म्हणून दुष्काळात ही कथा. निवड चांगलीच होती. तुम्ही माणूस कोणता पाठवला हा खरा प्रश्न. सगळ्यात तगडा म्हणजे कॉम्बॅट जास्त. पण तो कोणाचा भक्त होता? ऑर्लांथच्या कथेत ऑर्लांथचा भक्त जावा. हुमाक्टच्या कथेत हुमाक्टचा, इसारीसच्या कथेत इसारीसचा. मॅजिक कमी असलेला लढवय्या अर्ध्यात अडकतो. कॉम्बॅट, मॅजिक दोन्ही बरे आणि भक्त त्याच देवाचा, असा माणूस कॉम्बॅट हिरोइक पण देव भलता अशा माणसापेक्षा बरा. 'इसारीस द कन्सिलिएटर'मध्ये बार्गेनिंग हवं. 'एल्मल गार्ड्स द स्टेड'मध्ये ऑर्लांथ घरी नसताना एल्मल एकटा घर राखतो, तिथं पळ काढणारा माणूस उपयोगाचा नाही.

तयारीचा क्रम: कथेची मिस्टरी (तिचं गुपित ज्ञान) बळी देऊन पूर्ण शिका. त्याआधीच्या सेक्रेड टाइममध्ये क्वेस्टसाठी जादू राखून ठेवा. मित्रकुळांना भक्त पाठवायला सांगा. यायचे की नाही ते त्यांच्याशी असलेल्या संबंधांवर अवलंबून, म्हणजे ताई म्हणाल्या ते दूत इथंही उपयोगी पडतात. मग निघायच्या आधी लोर (पुराणकथा) पटलावरची कथा उघडून मोठ्यानं वाचा आणि टप्पे वहीत लिहा: देव कुठं गेला, कोण भेटलं, त्यानं काय दिलं, कोणाशी लढला, कोणाला सोडलं.

आत गेल्यावर प्रत्येक टप्प्यावर पर्याय येतात. मोह होतो तो शहाणपणाच्या पर्यायाचा. तो घेऊ नका. देवानं भेटवस्तू दिली असेल तर तुम्हीही द्या, ती तुम्हाला मूर्खपणाची वाटली तरी. ऑर्लांथ वाऱ्याचा, उतावळा, हिंसक देव आहे. त्याच्या कथेत सावध वाटाघाटी करत बसलात की कथा तुटते. कधीकधी कथेत नसलेलं काहीतरी मध्येच येतं. तिथं पाठांतर कामाचं नाही. हा देव असता तर काय करता, एवढंच विचारायचं.

फसलीच तर तोच माणूस, जखमा भरल्याशिवाय, पुन्हा पाठवू नका. चलाना अरॉय या देवीचे भक्त जखमा बऱ्या करतात, ते कुळात आहेत का बघा. तीच क्वेस्ट लगेच पुन्हा करता येत नाही, काही वर्षं जावी लागतात, म्हणून या वर्षी दुष्काळाचं उत्तर दुसरीकडं शोधा: तांडा आणि मदत.

ज्याला पुढं राजा करायचं आहे तो माणूस मात्र क्वेस्टला जपून वापरा. एकाच माणसावर सगळं लादलं आणि तो तिथंच गेला तर मागं काही उरत नाही. सगळीकडं हाच घोटाळा बघायला मिळतो: एक हिरोइक, बाकी सगळे फेअर.

---

पवनी_वाचनकट्टा

मिळून खेळायच्या पद्धतीबद्दल. सात खुर्च्या आहेत, तुम्ही सहा-सात आहात. प्रत्येकाला रिंगमधला एक माणूस वाटून द्या. प्रसंग वाचणारा आधी फक्त प्रसंग सांगेल, पर्याय वाचायचे नाहीत. मग ज्याचा सल्लागार असेल त्यानंच त्याच्या चेहऱ्यावर क्लिक करून सल्ला वाचायचा आणि स्वतःच्या शब्दांत मांडायचा, त्याच्या देवाच्या बाजूनं. हुमाक्टवाल्यानं हुमाक्टसारखंच बोलायचं, घरी तो कितीही मवाळ असो. शेवटी पर्याय. मतं घ्या, पण निर्णय प्रमुखाची खुर्ची असलेल्याचा. दर सेक्रेड टाइमला खुर्च्या फिरवा. वाद थांबतात असं नाही, पण ते खेळातल्या माणसांचे होतात.

ज्या सल्लागाराचा त्या विषयात फेअर आहे त्याच्या तोंडी फार वेळ देऊ नका, नाहीतर रात्र तिथंच जाते.

इंग्रजीसाठी दहा-पंधरा शब्द आधी पाठ असले की वाचणाऱ्याचा वेग दुप्पट होतो. 'टुला' म्हणजे कुळाची जमीन. कार्ल म्हणजे मोकळे शेतकरी, कॉटर म्हणजे त्यांच्याहून गरीब, थेन म्हणजे मानाचे लोक, वेपनथेन म्हणजे पोसलेले लढवय्ये जे शेती करत नाहीत, थ्रॉल म्हणजे गुलाम. फर्ड म्हणजे वेळेला बोलावलेले शेतकरी-शिपाई. नावांचा उच्चार कसाही करा, सगळ्यांनी एकच करा म्हणजे झालं.

शोधमोहिमेबद्दल वर कोणी लिहिलं नाही म्हणून: पहिल्या एक-दोन वर्षांत आधी स्वतःची टुलाच शोधून काढा, मग शेजार, मग लांब. स्वतःच्या जमिनीत बरंच काही सापडतं आणि माणसं फार गमवावी लागत नाहीत. लांब पाठवाल तर सोबत लढवय्ये द्या, पण घर उघडं पडेल एवढे नाही. ड्रॅगोन्यूट (ड्रॅगनवंशी जीव) दिसले तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते का वागतात तसं ते माणसांना कळत नाही, खेळातल्या सल्लागारांनाही नाही. टस्क रायडरांशी (रानडुकरांवर बसणारे लुटारू) मैत्री करायचा विचारही सोडा. बदकमाणसं हास्यास्पद वाटली तरी त्यांचं ऐकून घ्या. या ड्रॅगन पासच्या प्रदेशात, खेळातल्या कालगणनेच्या 1120 साली, ड्रॅगनांनी एकूण एक माणूस मारला होता, म्हणून तुमची कुळं रिकाम्या जमिनीवर आली. इथले जुने रहिवासी माणसं नाहीत हे ध्यानात ठेवून वागा.

लढाईत: तुम्ही वरचढ असाल तर चार्ज, बरोबरीत मॅनूव्हर, कमी असाल तर स्कर्मिश, आणि हरतोय हे दिसत असेल तर इव्हेड करून माणसं वाचवा. गायी आणायला गेलात तर उद्देश लूट ठेवा. लूट पाहिजे आणि उद्देश मारायचा, असं केलं की गायी तिथंच राहतात आणि वैर तेवढं घरी येतं.

---

झाडी_ताई (साकोली)

वेपनथेन वाढवायच्या टिपेबद्दल एक राहिलं. त्यांना शेतकरी पोसतात. डार्कमध्ये धान्य संपतं आणि पटलावर लढवय्ये भरपूर दिसतात, अशी कुळं फार. वाढवायचेच तर चांगल्या कापणीच्या वर्षानंतर, थोडेथोडे. त्याऐवजी एक टेहळणी बुरूज आणि खंदक आधी. ते खात नाहीत.

आणि जंगल तोडून शेत वाढवताना शिकाऱ्यांकडं बघा. रान कमी झालं की शिकार कमी होते, ते नुकसान लगेच दिसत नाही. माणसं वाढली की कुळाला जमीन अपुरी पडते. त्या वेळी कुरण आणि पिकाचं प्रमाण हलवून बघा, मगच कुऱ्हाड.

---

धुऱ्यावरचा

खुर्च्या वाटल्या. हुमाक्टवाला आमच्यातला सगळ्यात शांत पोरगा निघाला, त्यामुळे मजा येते आहे. ऑर्लांथचा भक्त, कॉम्बॅट एक्सलंट आणि मॅजिक व्हेरी गुड, असा एक सापडला आहे. दोन वर्षांनी पाठवू.

एक शेवटचं. नेट इथं भरवशाचं नाही आणि संध्याकाळी लाईन जाते. वर्गणी काढून पुढचा खेळ घ्यायचा तर कोणता, आणि नेटशिवाय चालेल का?

---

मास्तर_घाटंजी

त्याच लोकांचा 'सिक्स एजेस'. पहिला भाग 'राइड लाइक द विंड', आयफोन-आयपॅडवर 2018 मध्ये आणि संगणकावर 2019 मध्ये. दुसरा 'लाइट्स गोइंग आउट', 2023. जग तेच, काळ फार आधीचा, देवांचा. पहिल्या भागात तुम्ही घोडेवाल्या लोकांचं कुळ चालवता. एल्मल, जो ड्रॅगन पासमध्ये ऑर्लांथचं घर राखतो, तो त्यांचा मोठा देव आहे, आणि तुम्ही आता खेळताय तसले ऑर्लांथी लोक तिथं शेजारचे त्रासदायक परके. घोड्यांचं महत्त्व वाढतं, गायी तरी आहेतच. दुसऱ्या भागात पुन्हा ऑर्लांथी कुळ, पण जग बुडायला आलेलं. तो बराच कठोर आहे. पहिल्याचा शेवट दुसऱ्यात नेता येतो, म्हणून क्रम सोडू नका.

खेळताना नेट लागत नाही. स्टीम असेल तर तालुक्याला उतरवून घ्या आणि नेट असतानाच स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकून एकदा खेळ उघडून बघा. 'किंग ऑफ ड्रॅगन पास' गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावरही मिळतो, तिथल्या इन्स्टॉलरला डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नसतं, पेनड्राइव्हवर घेऊन वाचनालयात बसवता येतो. या खेळांना जड ग्राफिक्स कार्ड लागत नाही, चित्रं स्थिर असतात. लाईन जाण्याच्या वेळेला मोठा प्रसंग उघडा ठेवू नका. निर्णय देऊन पुढच्या ऋतूत गेलात की मग लॅपटॉप झाका.